सांध्यावरचे आकडे

माझ्या कपाटावर कागदाची एक गुंडाळी पडलेली असायची. घरातल्यांना वाटायचं, कुठल्या तरी जमिनीचा जुना नकाशा असेल. मीही कधी सांगायला गेले नाही. रिटायर झाले त्या दिवशी कारखान्यात रद्दी चालली होती, त्यातून ती गुंडाळी मी ओढून काढली, छत्रीबरोबर पिशवीत उभी घातली आणि गेटवरच्या माणसाला म्हणाले की नातवाच्या वह्यांना कव्हरं घालायला कागद नेतेय. तो हसला, जा म्हणाला. त्या कागदांपायी मी बोललेलं ते काही पहिलं खोटं नव्हतं. पहिलं फार आधीचं आहे, आणि तेच सांगायला बसलेय. मला लिहायची सवय नाही, बोलते तशीच लिहिणार.

मी कन्नड तालुक्याकडची. घाटाच्या अलीकडं आमची वाडी, घरात मेंढरं. शाळा सातवीपर्यंत झाली, तीसुद्धा मेंढरं लांब चारणीला गेली की बुडायची. पण माझ्या हाताला एक काम फार चांगलं यायचं, वाघर विणायचं. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची सुताची जाळी. रानात मुक्काम पडला की गोल मेखा ठोकायच्या, त्यांना वाघर ताणायची, आत मेंढरं. सगळीकडं सारखी वीण घालून चालत नाही. कोकरं जिथं रेटा देतात तिथं गाठी जवळजवळ हव्यात, बाकी ठिकाणी लांब चालतात, नाहीतर सूत पुरायचं नाही. कुठं घट्ट अन कुठं सैल हे माझ्या बोटांना कळायचं. आणि एक वाघर पुरली नाही की दुसरी तिच्या कडेला लावायची. हिच्या कडेच्या गाठी, तिच्या कडेच्या गाठी, शेजारी शेजारी, अन दोन्हींतून एक मेख. दोन जाळ्या कधी एकमेकींत विणायच्या नाहीत, कारण सकाळी सोडून वेगळ्या घोड्यांवर लादायच्या असतात. हे सगळं एवढं का सांगतेय ते पुढं कळेल.

लग्न होऊन शहरात आले तेव्हा त्याला औरंगाबादच म्हणायचे. चिकलठाण्याकडं एकामागून एक कारखाने उभे राहत होते. काल जिथं ज्वारी होती तिथं आज पत्र्याची शेड, असा तो काळ. नवरा फाउंड्रीत लागला आणि त्याच्या ओळखीनं मला दुसऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काम मिळालं, प्रिंटांच्या घड्या घालायचं. प्रिंट काढायला लागणाऱ्या अमोनियाच्या वासानं दिवसभर डोळ्यांतून पाणी यायचं. घरी गेले की सासू विचारायची, कुणी काही बोललं का तुला तिथं? पण घड्या घालता घालता मी रेघा बघायला शिकले. जाड रेघ कशाला, तुटक रेघ कशाला, हे कुणी सांगितलं नाही, आपलं आपणच कळत गेलं. एकदा नकाशे पातळ कागदावर शाईनं उतरवणारी ट्रेसिंगवाली आजारी पडली अन काम अडलं, तेव्हा मी म्हटलं मी करून बघू का. सगळे हसले. मी केलं. तेव्हापासून मला टेबल मिळालं.

शेजारच्या टेबलावर ती होती. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली. त्या वर्गात ती एकटीच मुलगी होती म्हणे. आईवडील खेड्यात, ही शहरात मावशीकडं राहायची. बौद्ध होती. खरं शिकवलं मला तिनंच. शाईचं पेन कसं भरायचं, स्टेन्सिलनं आकडे कसे काढायचे, चुकलेली रेघ ब्लेडच्या टोकानं कशी खरवडायची. मला अक्का म्हणायची. माझी रेघ लांब गेली की थरथरायची, तर म्हणायची, "मनगटानं नाय अक्का, खांद्यानं वढा." मी खांद्यानं ओढायला लागले आणि रेघ सरळ आली. आजही भाजी चिरताना मला ते आठवतं.

आता लिहायलाच बसलेय तर हेही लिहिते. जेवायला आम्ही दोघी एकाच टेबलावर बसायचो, पण पहिलं वर्षभर तिच्या डब्यातली भाजी मी घेतली नाही. माझी तिला द्यायची. ती घ्यायची. आपली पुढं करायची आणि मी म्हणायची, नको गं, आज पोट जड आहे. वर्षभर पोट जड. नंतर घ्यायला लागले, पण घरी कधी सांगितलं नाही. तिला हे कळत नव्हतं असं मी तेव्हा समजत होते.

आमचा कारखाना साखर कारखान्यांना उसाचे चरक पुरवायचा. चरकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडाच्या जाड चौकटी असतात, त्यांत भोकं, भोकांत ऊस पिळणाऱ्या लाटांचे, म्हणजे लोखंडी रुळांचे, दांडे. त्या चौकटी जास्तच जाड होतात, लोखंड फुकट जातं, असं मुंबईत शिकून आलेल्या एका तरुण साहेबाचं म्हणणं. तो म्हणाला, चौकटीवर कुठं किती ताण येतो ते कॉम्प्युटर सांगेल. कॉम्प्युटर मुंबईला. आमच्यापैकी कुणी तो बघितलेला नव्हता. पण त्याला चौकट समजावून सांगायची कशी? तर साहेबानं आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. कॉम्प्युटरला अख्खी चौकट कळत नाही. तिचे त्रिकोण पाडायचे. सगळी चौकट त्रिकोणांच्या जाळीनं भरून टाकायची. प्रत्येक कोपऱ्याला एक आकडा द्यायचा, तो कोपरा कुठं आहे ते मोजून लिहायचं, आणि कुठला त्रिकोण कुठल्या तीन आकड्यांचा हेही लिहायचं. भोकाजवळ, खाचेजवळ, जिथं ताण येणार तिथं त्रिकोण बारीक. बाकी ठिकाणी मोठे. एकदम बारक्याशेजारी एकदम मोठा नको, हळूहळू वाढवत न्यायचा. काडीसारखा लांबट त्रिकोण नको. एकाचा कोपरा दुसऱ्याच्या बाजूच्या मध्यावर यायला नको.

ती वहीत लिहून घेत होती. मी काही लिहिलं नाही. मी म्हटलं, "साहेब, ही तर वाघर झाली."

साहेबाला वाघर माहीत नव्हती. मी सांगितली. तो इतका खुश झाला की दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबाला घेऊन आला अन मला पुन्हा सांगायला लावली. तेव्हापासून माझी मान जरा ताठ झाली. आपल्याला हे जन्मापासून येतं असं वाटायला लागलं. खरं म्हणजे त्रिकोण मी भराभर पाडायची, पण आकड्यांचं काम तीच करायची, न कंटाळता. माझ्या आकड्यांत चूक निघाली तर न बोलता पेन्सिलनं बारीक टिंब करून ठेवायची, म्हणजे साहेबाच्या आधी मला दिसावं.

आम्ही दोघी टेम्पररी होतो. साहेबानं सांगून ठेवलं होतं की या चौकटीचं काम झालं की एक जागा पक्की होणार. दोन नाही, एकच. हे आम्हा दोघींना माहीत होतं आणि आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मनातून मला ठाऊक होतं, जागा तिची आहे. कोर्स केलेली ती, हात तिचा जास्त साफ.

चौकट मोठी, एका कागदात बसेना. डावा भाग माझ्या कागदावर, उजवा तिच्या. कागदाच्या तळाशी रकान्यात नाव लिहायची पद्धत होती, तिथं माझ्या कागदावर माझी सही, तिच्यावर तिची. मधला सांधा उभा, वरपासून मधल्या भोकापर्यंत आणि भोकाखालून पायापर्यंत, त्यावर चौदा कोपरे. हे चौदा कोपरे दोन्ही कागदांवर येणार, पण चौकटीत ते चौदाच. म्हणून आकडा एकच पाहिजे. आमची रीत अशी होती की सांध्याच्या जागी तिनं आपल्या कागदावर पेन्सिलनं आपल्या ओळीतले कच्चे आकडे घालून ठेवायचे, आणि शेवटी दोघींनी कागद शेजारी लावून बसायचं. मी डावीकडचा आकडा मोठ्यानं म्हणायचा, तिनं उजवीकडचा कच्चा आकडा खोडून तोच शाईनं लिहायचा. मग पुढचा. शाळेत पाढे म्हणावेत तसं. साध्या लहान कामांत हे आम्ही किती वेळा केलं होतं.

त्याच दिवसांत नामांतराचं पेटलं. विद्यापीठाला नाव द्यायचं की नाही यावरून मोर्चे तर चालूच होते, आमच्या बसच्या रस्त्यावर रोज काही ना काही असायचं. ऑफिसात लोक हळू आवाजात बोलायचे आणि ती आत आली की गप्प व्हायचे. मी पण व्हायची. एकदा तिला म्हटलं होतं, नाव बदलून कुणाचं पोट भरणार आहे गं? तिनं पेन पुसलं, टोपण लावलं अन म्हणाली, "भरत नसंल अक्का. मग ते न द्यायला एवढं कशाला भांडत्यात लोकं?" मला राग आला.

मग खेड्यांतून बातम्या यायला लागल्या, वस्त्या जाळल्याच्या. एका सकाळी तिचा मामा गेटवर आला. ती टेबलाशी परत आली तेव्हा तोंड पांढरं पडलेलं. पिशवी उचलली, कागदावर वजनं नीट ठेवली. जाताना एवढंच म्हणाली, "सांधा तेवढा राहू द्या. आल्यावर दोघी बसून करू."

मी बरं म्हटलं.

तीन दिवस ती आली नाही. चौथ्या दिवशी साहेब घाईत आला. मुंबईला माणूस निघत होता, दुपारी. तिथं कॉम्प्युटरवर आपली पाळी ठरलेली, ती चुकली तर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही, आणि गळीत हंगामाच्या आत चौकट ओतून द्यायची होती. त्यानं विचारलं, झालंय का सगळं?

आता त्या वेळी मी म्हणू शकत होते की साहेब, सांधा राहिलाय. दोन तास द्या, मी एकटी करते, तुम्ही समोर बसा. एवढंच. पण मला ते म्हणवलं नाही. वाघरवाली बाई मी. मला न येण्यासारखं काय आहे त्यात? शिवाय राग होता. हे काम टाकून ती गेली, आणि मी इथं संचारबंदीतनं पायी येतेय, असा राग. तिचं घर जळत होतं आणि मला माझ्या पायांचं वाटत होतं.

मी म्हटलं, "होतंय साहेब. अर्धा तास."

अर्ध्या तासात मी काय केलं, तर तिचे कच्चे आकडे होते त्यांच्यावरूनच शाई फिरवली. दोन्ही कागद कडेला कड लावले. माझ्या कडेचे चौदा कोपरे, तिच्या कडेचे चौदा, शेजारी शेजारी, एकासमोर एक बरोबर. केसाचा फरक नाही. मला वाटलं, बसला सांधा. माझ्या बोटांनी वाघरीला वाघर लावली होती. मधे एकदा हात थांबला, ती खोडते ते कशाला, असं मनात आलं. पण मी थांबले नाही. आकड्यांचे तक्ते उतरवले, कागदांना मधोमध चिकटपट्टी लावली आणि दिले. पण एकाच जागी आकडे दोन म्हणजे कोपरे दोन. मुंबईच्या त्या यंत्राला शेजारी शेजारी असणं कळत नव्हतं. त्याच्या लेखी चौकट वरपासून खालपर्यंत चिरलेली होती आणि मेख कुठंच नव्हती.

पाचव्या दिवशी ती आली. तीच साडी. मी विचारलं, घरचे बरे हायेत ना?

"हायेत," ती म्हणाली. "घर नाय."

आईवडलांना मावशीच्या एका खोलीत आणून ठेवलं होतं तिनं. आता नोकरी तिच्या एकटीची राहिली नव्हती. हे मला सगळं कळत होतं. तिनं सांध्याचं विचारलं, मी म्हटलं केला मी, पाठवला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. तिला वाटलं असेल, अक्का करील नीट.

पंधरा-वीस दिवसांनी मुंबईहून कागदांचा गठ्ठा आला. साहेबानं दिवसभर बसून त्या आकड्यांवरून चौकटीचं नवं चित्र काढलं, ताण आल्यावर ती कशी वाकेल त्याचं. चौकट वाकली नव्हती. मधोमध उघडली होती, पुस्तक उघडावं तशी, आणि दोन्ही अर्धे आपापल्या पायांवर उभे. मी लांबून बघितलं आणि मला त्याच क्षणी कळलं. 

साहेबानं दोघींना बोलावलं. ट्रेसिंग टेबलावर पसरलेली. पाळी वाया गेली होती, हंगाम चुकणार होता, मोठा साहेब त्याला बोलून गेला होता. खरं तर पाठवण्याआधी बघायचं काम त्याचंही होतं, पण ते कोण म्हणणार? त्यानं उजव्या कागदावर सांध्याशी बोट ठेवलं आणि तिला विचारलं, हे आकडे कुणाचे?

शाई माझी होती. पण शाईखाली वळण तिचं, साताला मधे रेघ मारायची तिची सवय. तिनं वाकून बघितलं. एक-एक आकडा बघत ती वरून खाली गेली. मग म्हणाली, "आकडे माझेच हायेत, साहेब." आणि थांबली. माझ्याकडं बघितलं नाही. पुढचं वाक्य माझं होतं आणि तिनं त्याच्यासाठी जागा ठेवली होती.

साहेब म्हणाला की डोकं मोर्च्यात असलं म्हणजे असंच होणार. मग माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, तुम्ही हा भाग बघितला नव्हता का?

मी म्हटलं, "तिचा कागद तीच बघते, साहेब."

पाच शब्द. मी नंतर मोजलेत. आणि त्यातला एकही खोटा नाही असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. तिचा कागद तीच बघायची, हे खरंच होतं. फक्त त्या दिवशी तो मी बघितला होता.

त्याच संध्याकाळी तिला उद्यापासून येऊ नको सांगितलं. ती पेनं धुऊन, पुसून, डबीत ठेवून गेली. ती पेनं कारखान्याची होती, तरी धुतली. मी खिडकीतून बघितलं तर ती मोठ्या गेटाबाहेर सायकल स्टँडाच्या कठड्याला टेकून उभी. मी ओळखलं की ती माझ्यासाठी थांबलीय. कँटीनच्या मागं एक लहान दार होतं, भाजीवाला तिथून यायचा. मी त्या दारानं बाहेर पडले आणि नाल्याच्या कडेनं दोन स्टॉप चालत जाऊन बस धरली.

दिवाळीला मी पक्की झाले.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली, आणि लाज वाटते ती त्याचीच. मला लोक जाळीवाल्या बाई म्हणायचे. दुसऱ्या कारखान्यांतून मुलं यायची, कुठं त्रिकोण बारीक करायचे विचारायला, आणि मी वाघरीची गोष्ट रंगवून सांगायची. वाळूजला कारखाने आले, पुढं शेंद्र्याला आले. मधे ते नाव लागलं विद्यापीठाला. त्या दिवशी माझी बस गर्दीत अडकली होती. निळे झेंडे, पेढे, नाचणारी माणसं. कुणीतरी खिडकीतून माझ्या हातावर पेढा ठेवला. मी गर्दीत एकच तोंड शोधत होते, आणि दिसू नये म्हणून डोक्यावरचा पदरही पुढं ओढत होते. पेढा हातात तसाच राहिला, घामानं विरघळला.

मग कॉम्प्युटर आमच्याच ऑफिसात आला. पोरं एक बटण दाबायची आणि चौकट आपोआप त्रिकोणांनी भरून जायची, भोकाजवळ बारीक, लांब मोठे, अगदी जसे मी पाडायची तसे. मला कौतुक वाटायचं. पण दोन भाग जोडले की ते यंत्र थांबायचं आणि पडद्यावर विचारायचं की एकाच जागी दोन कोपरे सापडलेत, एक करू का? हो म्हटलं की पुढं जायचं. मला मांडणी तपासायला बसवायचे, त्यामुळं हे बटण माझ्या वाट्याला यायचं. यंत्रसुद्धा न विचारता पुढं जात नव्हतं. दर वेळी मला ती टेबलाशी वाकून वरून खाली आकडे वाचताना दिसायची.

रिटायर झाल्यावर तीनेक वर्षांनी ती मला शहागंजात भेटली. मी लोकर घेत होते. मागून आवाज आला, अक्का, तुम्हीच ना? केस पांढरे, पण उभं राहायची ढब तीच. मला पळता येईना, हातात लोकरीचे गुंडे. इकडचं तिकडचं बोललो. तिनं नंतर बिल्डरांचे नकाशे घरी बसून ट्रेस केले, ते काम गेल्यावर एका शाळेत चित्रकला शिकवली. लग्न झालं, पुढं मालक वारले. आईवडील तिच्याकडंच होते शेवटपर्यंत, त्या एका खोलीत बरीच वर्षं. ती हे साधं सांगत होती. मी मधेच म्हटलं, त्या सांध्यावर शाई मी फिरवली होती.

"मला ठावंय," ती म्हणाली. "शाई तुमची होती. तुम्ही पेन दाबता शेवटाला."

मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस?

"मी बोलले असते तर कुणी ऐकलं असतं? ते तुम्ही म्हणायचं होतं." दुकानदार लोकर बांधून देत होता, ती त्याच्या हाताकडं बघत होती. "मी गेटवर थांबले होते. पावणेसहाची बस सोडली, साडेसहाची सोडली. मग वाचमन म्हणला, तुमच्या अक्का कँटीनकडनं गेल्या."

मी माफी मागायला लागले. तिनं हात केला, राहू द्या म्हणून. रागानं नाही. म्हणाली की माफीचं मी काय करू अक्का, ती तुमच्या कामाची. माझ्या कामाचं करायचं असेल तर त्या साहेबाला सांगा. एवढं बोलून तिनं पत्ता दिला आणि गेली.

साहेब पुण्याला असतात असं जुन्या लोकांकडून कळलं. मी पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, कारण प्रत्येक वेळी त्यात संचारबंदी आणि घाई जास्त यायची आणि माझं वाक्य कमी. शेवटी नुसतं काय झालं ते लिहिलं. महिन्यानं उत्तर आलं. फार प्रेमानं लिहिलेलं. तुमच्यासारखं जाळीचं काम पुन्हा कुणाचं बघितलं नाही, वाघरीचं उदाहरण मी आजही सांगतो, असं. ती चौकट आठवते, काहीतरी गोंधळ झाला होता हेही आठवतं. पण दुसऱ्या बाई कोण होत्या ते काही केल्या ध्यानात येत नाही, तुमच्या टेबलाशेजारी कुणी होतं का?

ते पत्र मी पंधरा दिवस उशाखाली ठेवलं. वाटलं, दाखवूच नये. पोचलं नसेल म्हणावं, साहेब वारले म्हणावं. म्हणजे पुन्हा कँटीनचं दार. शेवटी गुंडाळी घेतली, पत्र घेतलं आणि तिच्या घरी गेले.

तिनं पत्र माझ्याकडूनच वाचून घेतलं, चष्मा कुठं ठेवला सापडेना म्हणून. मी वाचलं. टेबलाशेजारी कुणी होतं का, इथपर्यंत.  ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"माझी चूक म्हणून काढलं मला. अन चूक बी ध्यानात नाय, मी बी नाय."

मी गुंडाळी पुढं केली. तिनं ती जमिनीवर उलगडली, कोपऱ्यांवर पाण्याचा तांब्या, अडकित्ता, जे हाताला येईल ते ठेवलं. चष्मा तिच्या डोक्यावरच होता, तो खाली घेतला. बराच वेळ ती डावीकडंच बघत होती, माझ्या कागदाकडं. म्हणाली की त्रिकोण मात्र लई चांगले पाडायच्या तुम्ही, भोकाजवळ बघा कसे बसलेत. मला ते ऐकवेना.

मग तिनं सांध्याखाली बोट घातलं. चिकटपट्टी इतक्या वर्षांत पिवळी पडून वाळली होती, नुसत्या उचलण्यानंच वरपासून खालपर्यंत सुटली. दोन कागद वेगळे झाले. डावा तिनं गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवला. उजवा आपल्यासमोर सरळ केला आणि कपाटातून शाईचं पेन काढून आणलं, निब स्वच्छ, जसं तिचं सगळंच असायचं.

"इथं लिहा," ती म्हणाली. खाली तिच्या सहीच्या शेजारी बोट ठेवलं.

मी विचारलं, काय लिहू?

"खरं काय ते. अन तुमचं नाव."

मी लिहिलं की या कागदावरचा सांधा मी केला, ही तेव्हा गावी होती, आणि मला थांबायला सांगून गेली होती. खाली नाव लिहिलं. ओळ लांब होती, अर्ध्यात हात थरथरायला लागला. तिनं ते बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, खांद्यानं. ती काही म्हणाली नाही. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो. मग तिनं कागद उचलून कपाटात ठेवला आणि चहा टाकायला आत गेली.

डावा कागद माझ्याकडं आहे. त्याच्या उजव्या कडेला चौदा कोपरे आहेत, आकड्यांसकट, आणि त्यांच्या पुढं काही नाही.